पहिलं पाणी

“फरशीला उतार नीट दे गं ताई, पाणी वाहतं राहायला हवं,” हे एलेउतेरियोचं बोलणं आठवत सातुर्निनानं भावाची अर्धवट राहिलेली गाजरं धुवायची जागा पुरी केली. पत्र्याखाली माल भरायचं टेबल, हौद, वर झऱ्याचा नळ. खालची नदी खाणीनं तांबडी केल्यापासून स्वच्छ पाणी तेवढंच.

“महालच की हा! एलेउतेरियो कुठाय?” तार्माहून आलेला ट्रकवाला ओरडला. “आणा गाजरं!”

“आज गाजरं नाहीत, दादा. पहिलं पाणी त्याचं.”

“वा! गाजरांआधी साहेबांची अंघोळ?”



मेलेल्याचे कपडे पाचव्या दिवशी वाहत्या पाण्यात धुतल्याशिवाय जीव वाट धरत नाही, म्हणून शवपेटीपाशी दिलेला शब्द पाळायला सातुर्निनानं नळ सोडला आणि भावाच्या कपड्यांचं गाठोडं हळूच उकललं.