निशाणावरचं सातवं नाव

सहा नावं भरून झाली होती. सातव्याच्या पहिल्या अक्षराशी शिंपीमास्तरची सुई सकाळी अडली, ती दुपार झाली तरी हलेना. बाकीची अक्षरं कापडावर नुसती खडूने आखलेली होती.

टेबलावर पलटणीचं नवं निशाण पसरलं होतं. गोरे जाऊन आठ महिने झाले होते आणि रविवारी स्वतंत्र देशाचं पहिलं संचलन होतं. निशाणावरचा मुकुट जाऊन तिथे देशाचं चिन्ह आलं होतं. खाली मात्र पलटणीने जिंकलेल्या आठ लढायांची नावं जुन्यावरून जशीच्या तशी उतरवायची होती. बदल एकच, लिपी आपली.

काखेत छडी धरून कॅप्टन आत आला. ही छडी कशासाठी असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण ती नसली की हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नसे.

"काय मास्तर, अजून सातव्यावरच?"

"साहेब, हे एक गाळलं तर नाही चालणार?"

"का बरं?"

"माझं आजोळ आहे ते."

"अरे वा!" कॅप्टन म्हणाला. मग मास्तरचा चेहरा पाहून त्याला आपला 'वा' परत घ्यावासा वाटला.

"तिथे लढाई झालीच नव्हती, साहेब. धान्य नेऊ नका म्हणून माणसं गाड्यांसमोर आडवी झाली होती. पलटणीने गोळ्या घातल्या. आजोबा त्यातच गेले. आई सात वर्षांची होती."

"कुठल्या पलटणीने?" कॅप्टनने विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला उत्तर कळलं.

त्याने फळीवरून पलटणीच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक काढलं. अडलं की हे उघडायचं, एवढं त्याला प्रशिक्षणात पक्कं शिकवलं होतं. पान सापडलं. "'शत्रूचा पूर्ण बीमोड. आपले मृत, एक अधिकारी, एक घोडा.'"

"घोडा?"

"त्याचं नावही दिलंय." कॅप्टन ओशाळला. "खरं सांगू मास्तर, मलाही काही समजत नाही. पण नाव काढलं तर आठाची सात होतात. ज्याची नावं जास्त, तो संचलनात पुढे. सात झाली की आपण घोडदळाच्या मागे, लीद तुडवत. मोठे साहेब काय म्हणाले माहितीये? गोऱ्यांच्या राज्यात पुढे होतो, आता आपल्या राज्यात मागे जायचं का?"

"हा पुढचा-मागचा नियम कुणी केला?"

"गोऱ्यांनीच." कॅप्टनने छडी या काखेतून त्या काखेत घेतली.

"रविवारी आई पुढच्या रांगेत बसणार आहे, साहेब. लेकाने भरलेलं निशाण म्हणून सगळ्या गल्लीला सांगून झालंय तिचं."

"त्यांना वाचता येतं?"

"आता आतापर्यंत येत नव्हतं. नव्या सरकारने साक्षरतेचे वर्ग काढले ना! आकडे आणि चार शब्द येतात. स्वतःचं नाव, वडलांचं, माझं आणि गावाचं."

एवढ्यात आई जेवणाचा डबा घेऊन आलीच. मास्तरने घाईघाईने फडकं ओढलं, पण ते पाचव्या नावापर्यंतच पोचलं. आई वाकली. खडूच्या रेघांवरून तिचं बोट सावकाश पुढे सरकलं.

"हे आपलं गाव."

"आई, अगं..."

"थांब, वाचू दे." बोट खालच्या आकड्यांवर आलं. "सालही बरोबर आहे रे."

तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि कॅप्टनकडे वळून हात जोडले. "तुम्ही मला लेकासारखे, तरी तुमच्या पाया पडावंसं वाटतंय. इतक्या वर्षांत कुणी गावाचं नाव काढलं नव्हतं. गोऱ्यांच्या धाकाने आम्ही घरातसुद्धा बोलत नव्हतो. आपलं राज्य आलं आणि आमच्या माणसांची आठवण झाली."

कॅप्टनला काय करावं सुचेना. मग जे येत होतं ते त्याने केलं. टाचा जुळवून कडक सलाम ठोकला. आईला भरून आलं.

मास्तरला हसू येत होतं आणि रडूही. खरं सांगावं, तर म्हातारीचा हा आनंद आपणच मोडायचा. न सांगावं, तर आजोबांना मारणाऱ्यांची फुशारकी आपल्याच हाताने भरायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"सरक," आई म्हणाली. "उरलेलं मी भरते. माझ्या बापाचं काम आहे."

"आई, डोळ्यांना त्रास होईल."

"तुला टाका घालायला कुणी शिकवला? सरक."

मास्तर सरकला. परक्या माणसाने निशाणाला हात लावू नये असा नियम होता खरा, पण इथे परकं कोण, हे कॅप्टनला ठरवता येईना. आईचे टाके लेकापेक्षा बारीक होते. एक अक्षर झालं, दुसरं झालं. मग मान वर न करता तिने विचारलं,

"आणि ही बाकीची सात गावं? तिथे कुणाकुणाचे बाप गेले?"

मास्तरने कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टनने लगबगीने पुस्तक पुन्हा उघडलं. पहिल्या नावाचं पान काढलं, मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. अधिकारी होते, शिपाई होते, घोडे होते, एके ठिकाणी दोन खेचरंही होती. ओळीवर बोट ठेवून तो शोधत राहिला.

आई सुई थांबवून वाट बघत होती.