फिरकीचा तांब्या

सरबत संपलं आणि पाहुणे दुप्पट झाले. नागोठण्याच्या कंपनीतली पहिली शिफ्ट सुटली होती. नवऱ्यामुलाचे दोस्त बसभर रोह्याला उतरले ते थेट मांडवात. मे महिन्याचं ऊन, सगळ्यांचे घसे कोरडे. सायमन गुरुजी रिकाम्या हंड्यात डोकावले. एकुलत्या एका लेकीचं, सुवार्ताचं लग्न, आणि मंडळींच्या हातात नुसतं पाणी ठेवायचं?

गंमत अशी, की काना गावचं लग्न हा गुरुजींचा हातखंडा विषय. तिथेही लग्नात द्राक्षारस संपला होता आणि येशूने पाण्याचा द्राक्षारस केला होता. चर्चमध्ये गुरुजी दरवेळी सांगत, "बाबांनो, चमत्कार ही नुसती खूण. फाट्यावर नागोठण्याची पाटी असते. पाटीचंच कौतुक करत तिथे बसलात, तर गावात पोचणार कधी?" आज मात्र लोकां सांगे ब्रह्मज्ञान! आज त्यांना पाटीच हवी होती, तीसुद्धा हंडाभर.

एवढ्यात शेजारची रंभा मागच्या दाराने भरलेले पेले घेऊन आली. लालभडक कोकम सरबत! एक ताट रिकामं झालं की दुसरं येत होतं. नवऱ्यामुलाचे मामा मिशा पुसत म्हणाले, "गुरुजी, चांगलं सरबत शेवटाला राखून ठेवलंत व्हय!"

"रंभे, कुठून आलं गो हे?" गुरुजींनी हळूच विचारलं.

"मला काय विचारता? मी आपलं तुमच्या विहिरीचं पाणी काढून दिलं," रंभा हसत म्हणाली आणि पुढे गेली.

गुरुजींनी एक घोट घेतला. भाजलेलं जिरं, आणि मागून हळूच मिरीचा झटका. त्यांचे डोळे भरून आले. हा त्यांच्या आईचा हात होता. आई कधीच गेली. तिचा हात आता जगात एकाच माणसाकडे उरला होता. गुरुजी मागच्या अंगणात धावले.

विहिरीपाशी आनंदीताई हंड्यात पळी फिरवत होती. जोहे गावी दिलेली गुरुजींची थोरली बहीण. गुरुजींनी बाप्तिस्मा घेतला, त्या दिवसापासून तिने त्यांच्या घरचं पाणी वर्ज्य केलं होतं. माया मात्र तसूभर कमी झाली नव्हती. दर भाऊबीजेला यायची, ओवाळायची, आपल्या हातचे लाडू भरवायची. तहान लागली की पिशवीतून घरून भरून आणलेला, फिरकीच्या झाकणाचा तांब्या काढायची. तो रिकामा झाला की गुरुजीच रंभाच्या घरून भरून आणत. त्यांना फार लागायचं, पण बोलले कधी नाहीत. लग्नाचं आमंत्रण द्यायला गेले, तेव्हाही ती "बघते, बस मिळाली तर" एवढंच म्हणाली होती.

"ताई! कधी आलीस?"

"मघाशीच. भाचीला म्हणून कोकमाच्या पाकाच्या बरण्या आणल्या व्हत्या. कामी आल्या बघ." तिने पदराने घाम पुसला. "कान्हू, साखर बरोबर हाय ना रे?" सायमन हे नाव तिने कधी जिभेवर घेतलंच नव्हतं.

गुरुजींनी मान डोलावली. तिचा तांब्या विहिरीच्या कठड्यावर रिकामा पडला होता. सवयीने त्यांनी तो उचलला आणि ते रंभाच्या घराकडे वळले.

"कुठं चाललास?"

"तुला पाणी..."

"येडा हायस! येवढं सरबत काय न चाखता धाडलं मी मांडवात? भाचीचं लगीन हाय. चाखून झालं तवा आठवण झाली, की पाणी तुझ्या घरचं."  मग ती विहिरीकडे हात करून म्हणाली, "इथलंच भर. लय तहान लागलीय."

गुरुजींनी पोहरा विहिरीत सोडला. दोर ओढून त्यांनी तांब्या काठोकाठ भरला.

मांडवात मंडळी अजून सरबताचंच कौतुक करत होती.