क्रुसाच्या गाण्याची चाल

कोर्लईच्या चर्चमध्ये पुढे उभं राहून येशूने खांद्यावर वाहिलेल्या क्रुसाचं गाणं म्हणवून घ्यायची लिदियाची पहिलीच वेळ. त्यात समोरच्या बाकावर नातालीन मावशी! म्हातारी दर ओळ सगळ्यांच्या मागाहून संपवायची आणि गाण्याचा पार विचका व्हायचा. दुसऱ्याच ओळीला लिदियाने हात टेकले. मावशीचा सूर संपेपर्यंत ती थांबू लागली, आणि तिच्याबरोबर सगळं चर्च थांबू लागलं. गाणं संपलं तरी कितीतरी वेळ कुणी हललं नाही.

बाहेर पायरीवर मावशीने तिचा गालगुच्चा घेतला आणि बोळकं पसरून हसली.

"शाब्बास, पोरी! इतकी वरसं मी दाखवतेय, पन बघतंय कोन? अगं, खांद्यावर क्रूस घेऊन कुनी पळतं काय?"