छपरावरचं स्टेशन

"मर्ल, आता उतर," त्याची बायको वाँडा खालून तिसऱ्यांदा म्हणाली. "अँटेना आणखी दोन हात उंच केलीस तरी तो डबा बेडकासारखाच बोलणार."

मर्ल स्टँबॉ छपराच्या कण्यावर फतकल मारून बसला होता. एका हातात अँटेना, दुसऱ्यात पान्हा आणि कमरेला लटकवलेला स्कॅनर, म्हणजे अग्निशमन दलाचं बिनतारी बोलणं ऐकवणारा रेडिओ. ओहायोतल्या त्या खेड्याच्या अग्निशमन दलात त्याने एकतीस वर्षं फुकट काम केलं, त्यातली बारा चीफ म्हणून. गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा मागच्या वसंतात टोपी उतरवली. तेव्हापासून स्कॅनर लावायचा आणि दलातली पोरं कुठे निघाली, काय बोलतात ते ऐकत बसायचं, एवढंच राहिलं होतं.

उन्हाळ्यात जिल्ह्याने नवी डिजिटल यंत्रणा आणली आणि तेही गेलं. आवाज तुटायचा, गुरगुरायचा, मध्येच गडप व्हायचा. मर्लने आधी मोठी अँटेना आणली. मग ती खिडकीतून छपरावर नेली. प्रत्येक पायरीला आवाज आणखी बिघडला.

शेजारची ग्लेनिस टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. तिने एकदाच ऐकलं आणि निदान केलं. "तुझ्या डब्याला कमी ऐकू येत नाही, मर्ल. फार ऐकू येतंय. चार टॉवर एकच वाक्य एकाच वेळी बोलतात, पण कुणाचं जरा आधी पोचतं, कुणाचं नंतर. पोरांचे वॉकीटॉकी ते निस्तरतात, तुझा डबा गोंधळतो. अँटेना खाली आण. एकाच टॉवरचं ऐक, बाकीच्यांकडे पाठ कर."

"आयुष्यभर वायरी ओढल्यास, आता मला शिकव," मर्ल म्हणाला आणि त्याच दुपारी आणखी सहा फुटांचा पाइप घेऊन आला. आज शनिवार, सरावाचा दिवस. सगळी पोरं ठाण्यावर असणार. त्याला ते ऐकायचंच होतं.

पाइप बसेना. मर्लने शिव्या घालत अँटेना उपसली आणि उतरायला वळला. त्याच क्षणी डावा गुडघा अडकला. सरळ होईना, वाकेना. बसल्या बसल्याच घसरत तो विटांच्या धुराड्याला जाऊन टेकला.

"काय झालं?"

"काही नाही. जरा हवा खातोय."

"गुडघा ना?"

मर्लने पँटवरूनच गुडघा दाबून पाहिला.

"ठाण्यावर फोन करते."

"खबरदार!" तो गरजला. "माझी हौस म्हणून त्या पोरांना कशाला बोलवायचं? पाच महिन्यांत एकाने तरी दार वाजवलं का? विसरलीत ती. विसरू देत."

वाँडाने वर पाहिलं. "कॉफी टाकते," एवढं बोलून ती आत गेली.

ऊन छान होतं. मर्लने अँटेना मांडीवर आडवी ठेवली आणि सवयीने बटण फिरवलं. मागे रुंद धुराडं, त्याच्या आड टेकड्यांवरचे तीन टॉवर. समोर फक्त पाण्याच्या टाकीपलीकडचा एक.

डबा खाकरला. मग बोलू लागला, स्पष्ट, जणू शेजारीच कुणी बसलंय. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षातली बाई कुणाला तरी वेळ सांगत होती. तिचा श्वासदेखील ऐकू येत होता.

"वाँडा!" मर्ल ओरडला. "लागलं! अगं, ग्लेनिसचं बरोबर निघालं! तिला सांगू नकोस!"

आतून उत्तर आलं नाही. डब्यातून मात्र आलं.

"अग्निशमन ठाणं, ऐका. लॉक्सली रस्ता, घर क्रमांक चौदा. पुरुष, वय चौऱ्याहत्तर, छपरावर अडकलेत. शुद्धीवर आहेत, पण कुणाचं ऐकत नाहीत, असं पत्नीचं म्हणणं आहे."

मर्लचे कान तापले. आता सगळ्या जिल्ह्याला कळलं. त्याने बटणाकडे हात नेला, पण डॅरलचा आवाज आला आणि हात तिथेच थांबला. डॅरल त्याच्यानंतरचा चीफ.

"चौदा म्हणजे आमच्या चीफचं घर. निघालो."

मागे दारं धडाधड आपटत होती. कुणीतरी हेल्मेट शोधत होतं, कुणीतरी हसत होतं, कुणीतरी "मला सोडून जाऊ नका रे!" म्हणून ओरडत होतं. मर्लला एकेक आवाज नावानिशी ओळखू येत होता.

"नोंदीसाठी सांगा," नियंत्रण कक्षातली बाई म्हणाली, "एका माणसाला उतरवायला किती जण निघालात?"

इंजिनाची घरघर सुरू झाली. मग डॅरल म्हणाला,

"सगळे."