नापास

पळत्या पट्ट्यावर संतोष झपाझप चालत होता आणि दाराच्या काचेतून उज्वला बघत होती. छातीभर वायरी चिकटवलेल्या, तरी गडी हसत होता.

"मला काही होत नाही, मॅडम. वाढवा अजून!"

उज्वलाने डोळे मिटले. देवा, ह्यांना नापास कर.

धाकटा दीर गेणू गेलं वर्षभर डायलिसिसवर होता. गावाकडून गंगापूर रोडच्या या दवाखान्यात यायचा, मशीनला लागायचा आणि पांढराफटक होऊन परत जायचा. संतोषने कुणाला न विचारता सांगून टाकलं होतं, "माझी एक किडनी त्याला द्या." बाकीच्या तपासण्या झाल्या, हृदयाची तेवढी राहिली होती. "तुम्हाला काही झालं तर?" असं उज्वलाने एकदाच विचारलं, तर तो कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलला नाही. मग तीही गप्प बसली. पण गेणूचा तिला मनातून राग यायचा. आजारी तो, आणि हात घातला आमच्या घरात.

पट्टा मध्येच थांबला. डॉक्टरबाईंनी आलेख पाहिला आणि संतोषला तिथेच आडवं केलं. संध्याकाळी अँजिओग्राफी झाली.

"यांची किडनी घेता येणार नाही," बाई म्हणाल्या.

उज्वलाचा जीव भांड्यात पडला. क्षणभरच.

"हृदयाच्या तिन्ही रक्तवाहिन्या तुंबल्यात. एक तर जवळजवळ बंदच आहे."

"पण मला कधी दुखलंच नाही," संतोष म्हणाला. "सातपूरला कारखान्यात रोज ड्यूटी करतो मी."

"काम काय करता?"

"क्रेन चालवतो."

म्हणजे सगळी पाळी केबिनमध्ये बसून. बाई विचारत गेल्या, तो सांगत गेला. रात्रपाळ्या. झोप उडावी म्हणून ओठाखाली तंबाखू. सुटल्यावर गेटवरची गरम भजी. या तपासण्यांआधी बीपी कधी तपासलं होतं का?

"कशाला? काही होतच नव्हतं ना."

"कित्येकांना असंच काही होत नसतं. आणि मग एकदमच होतं," बाई म्हणाल्या. "बायपास करावी लागेल. आता घरी सोडत नाही तुम्हाला."

संतोषने उज्वलाकडे मान वळवली. मग म्हणाला, "गेणूला तू सांग. माझ्याच्यानं नाही होणार."

उज्वला जिना उतरू लागली. खाली गेणूचं डायलिसिस चालू होतं. 'भावजी, नाही जमणार' हे वाक्य तिने मनात कितीदा तरी घोकलं होतं. आता ते खरंच सांगायचं होतं.

गेणूचा एक हात मशीनला जोडलेला होता. तिचा चेहरा बघून तोच म्हणाला, "नाय जमलं ना, वहिनी? ऱ्हाऊ द्या. मनाला लावून घेऊ नका."

तिने सगळं सांगितलं. गेणूच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तशी तिने मान खाली घातली. शेवटची आशा गेली बिचाऱ्याची.

गेणूने मोकळ्या हाताने तिचा हात घट्ट धरला.

"नायतर दादा कधी दवाखान्याची पायरी चढला असता का?" तो म्हणाला. "लय बरं झालं, वहिनी, माझ्या किडन्या गेल्या."