पत्रिकेची वेल

"शुभकार्याच्या पत्रिकेत कैलासवासी नको," असं व्याह्यांनी बजावलं आणि मुलानं आईचं नाव गाळलं.

पत्रिकेभोवतीची वेल मात्र भाऊ पेंटरांनी हातानं काढली. शेवटच्या वळणात थरथरत्या कुंचल्यानं बायकोचं नाव गुंफलं, इंदुमती. वेलीआडून का होईना, लेकाच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन ती घरोघरी जाणार होती.

मुलानं वेल कॉम्प्युटरवर घेतली. छापून आलेल्या पत्रिकेत ती कशी गुळगुळीत, चारी बाजूंनी सारखी दिसत होती. भाऊंनी चष्मा पुसून कोपरा न् कोपरा शोधला.

"तुमचा हात कापतो आता, भाऊ," मुलगा म्हणाला. "शेवटी गिचमीड झाली होती, ती पुसून टाकली."

"बरं केलंस," भाऊ म्हणाले. "आता पत्रिका अगदी शुभ झाली."