जुन्या प्रेसचं कार्ड

“दोन वायरी एकमेकींना जोडा आणि चालू करा प्रेस,” मालक म्हणाले. “हिरवा दिवा लागतो ना? मग झालं. मशीनला काय कळतंय?”

“मशीनला नाही कळत. हाताला कळतं,” खरेदी विभागातल्या बाई म्हणाल्या.

मालकांनी मान वळवली. खिडकीतून फाटक दिसत होतं. तिथला पहारेकरी डाव्या हाताने अडसर सरकवत होता. काही वर्षांपूर्वी तो याच प्रेसवर कामाला होता. त्याचा उजवा हात गेला, त्याही दिवशी हिरवा दिवा लागलेलाच होता.

पत्रे दाबून कापणारी ही प्रेस म्हातारी झाली होती. तिची सगळी अक्कल तळहाताएवढ्या एका इलेक्ट्रॉनिक कार्डात होती. आत हात गेला की हे कार्ड वरून येणारा ठोकळा जागच्या जागी थांबवायचं. ते जळलं होतं; वायरी जोडल्या तर प्रेस चालली असती, पण हातासाठी थांबली नसती. बनवणाऱ्या कंपनीने तसली कार्डं काढणं केव्हाच बंद केलं होतं. नवी प्रेस घ्यायची ऐपत नव्हती. माल वेळेत गेला नाही तर एकुलतं एक मोठं गिऱ्हाईक तुटणार आणि कारखान्याला कुलूप लागणार, हे झाडूवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

“सोमवार सकाळपर्यंत वाट बघतो,” मालक उठत म्हणाले. “मग मी स्वतः जोडतो वायरी.”

बाईंनी मुंगळ्याला फोन लावला. बाजारातून हद्दपार झालेले सुटे भाग शोधून आणणं हा त्याचा धंदा. एकदा मागे लागला की तो सोडत नाही, म्हणून सगळे त्याला मुंगळा म्हणत. त्यालाही ते आवडायचं.

“ताई, अशी प्रेस आपल्याकडे अजून कुठे आहे?”

“तीन ठिकाणी होती. दोन कारखाने बंद पडले. तिसरा म्हणजे आमचे हे कामाला आहेत तो, पण तिथली प्रेस चालू आहे. जादा कार्ड त्यांच्याकडेही नाही, मी विचारून बसले.”

“मग बंद पडलेल्यांची गोदामं उपसतो.”

“काय वाट्टेल ते कर, पण आण. इथे एकाचा हात गेलाय. दुसऱ्याचा गेलेला मला बघवणार नाही.”

रविवारी सगळीकडेच सुट्टी. बऱ्याच दिवसांनी नखं रंगवावीत म्हणून बाईंनी कपाट उघडलं, तर बाटली गायब. संपत आलेल्या दोन बाटल्या एकीत ओतून त्यांनी स्वतःच तो रंग बनवला होता. धड जांभळा नाही, धड तपकिरी नाही, वर सोनेरी चकचक. मुलगी त्याला ‘सडकं वांगं’ म्हणायची.

“अहो, माझं नेलपॉलिश कुठंय?”

नवरा पेपरामागे दडला. “कारखान्यात. स्क्रू आवळला की वर एक थेंब टाकायचा. थेंब तडकला की समजायचं, स्क्रू सैल झालाय.”

“वा! बायकोची नखं उघडी आणि मशीनचा शृंगार! आणि ते हात घालून बघायचं खूळ सुटलं का?”

नवऱ्याने पेपर आणखी वर धरला, म्हणजे सुटलं नव्हतं. तो त्या कारखान्यातला इलेक्ट्रिशियन. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की प्रेस सुरू करून आधी तो स्वतःचा हात खाली घालायचा. ठोकळा थांबला की मगच मशीन कामगारांच्या ताब्यात द्यायचा.

“काठी घालून तपासा म्हणून किती वेळा सांगितलं!”

“काठीवर कुणाचा विश्वास बसत नाही गं. माझा हात बघितला की पोरं निर्धास्त होतात.”

बाईंना राग आला आणि अभिमानही वाटला. त्या भांडी घासायला उठल्या.

सोमवारी नवऱ्याने त्यांना नेहमीपेक्षा लवकर फाटकाशी सोडलं. “संध्याकाळी नवीन बाटली घेऊ. दोन घेऊ, एक माझी,” असं म्हणून त्याने स्कूटर पुढे काढली.

फाटकाआड मुंगळा उभा होता. काखेत कागदात गुंडाळलेलं पुडकं, डोळे जागरणाने लाल.

“मिळालं, ताई!”

“कुठे?”

“ते विचारायचं नाही, हे आपलं ठरलेलंय ना?”

ठरलेलं होतं. या धंद्यात कुणीच विचारत नाही. विचारलं की पुढच्या वेळी माल येत नाही. बाईंच्या जिभेवर आलेला प्रश्न त्यांनी परत गिळला आणि पुडकं जवळजवळ हिसकावूनच घेतलं.

बाईंच्या कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनने कार्ड बसवलं. पहारेकरीही फाटक सोडून आत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. प्रेस सुरू झाली. इलेक्ट्रिशियनने खाली लाकडी काठी सरकवली. ठोकळा खाली आला, आणि काठीच्या वीतभर वर थबकला.

कुणीतरी शिट्टी मारली. मालकांनी रुमालाने तोंड पुसलं. पहारेकऱ्याने डाव्या हाताने बाईंना नमस्कार केल्यासारखं केलं, आणि इतक्या दिवसांचा ताण बाईंच्या डोळ्यांतून वाहू लागला.

“बाई, जपलेला माल आहे हं,” प्रेसच्या वायरिंगच्या कपाटाचं दार लावता लावता इलेक्ट्रिशियन म्हणाला. “आधीच्या माणसाचा फार जीव असणार यावर. बघा तरी.”

त्याने कार्डाच्या पेटीवर टॉर्च मारला. चारही स्क्रूंवर एकेक थेंब होता. धड जांभळा नाही, धड तपकिरी नाही, वर सोनेरी चकचक.

तिथे मुंगळ्याने दोन वायरी जोडून ठेवल्या असणार, हिरवा दिवा लागणारच. बाईंनी फोनसाठी पर्समध्ये हात घातला, आणि त्या भागातल्या सगळ्या कारखान्यांचे पहिल्या पाळीचे भोंगे एकदम वाजले.